कप्पाच्या डोक्यावरचे पाणी

(रेडिओवरून दिलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, गेल्या पावसाळ्यात माझा भाचा दोन दिवसांसाठी घरी आला होता. बरोबर त्याचे तीन मित्र. बाहेर धो धो पाऊस, वीज गेलेली. मला वाटले, ही मुले आता मोबाइल घेऊन चार कोपऱ्यांत बसतील. पण त्यांनी जेवणाच्या टेबलावर मेणबत्ती लावली, पिशवीतून फासे काढले आणि एक खेळ मांडला. फासेही कसले? सहा बाजूंचे ओळखीचे होतेच. पण आठ, बारा आणि वीस बाजूंचेसुद्धा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सूत्रधारासारखा गोष्ट सांगत होता आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतली पात्रे होऊन बोलत होते. काही करायचे म्हटले की फासा टाकायचा. दान चांगले पडले तर काम झाले, नाही तर फसले.

सूत्रधार म्हणाला, ‘‘तुम्ही नदीकाठी पोचला आहात. पाण्यातून एक हिरवट प्राणी वर येतो. उंची लहान मुलाएवढी. पाठीवर कासवाची ढाल, तोंडाला चोच आणि डोक्याच्या मधोमध खळगा. खळग्यात पाणी आहे.’’

भाचा हळूच माझ्या कानाशी लागला, ‘‘मामू, हा कप्पा. जपानी भूत आहे. याला किती लागले म्हणजे मरतो ते पुस्तकात लिहिलेले आहे.’’

भुताला किती लागले म्हणजे मरते, ही कल्पनाच मला नवीन होती. आमच्या लहानपणी भुताचा आकडा कुणी मोजला नव्हता. त्या रात्रीपासून या कप्पाने माझा पाठलाग सुरू केला. हा जपानच्या नदीतला प्राणी अमेरिकेतल्या खेळात कसा शिरला, वाटेत त्याचे काय झाले आणि त्यात आपल्यासारख्यांना विचार करण्याजोगे काय आहे, ते आज सांगायचे आहे.

आधी कप्पाची ओळख. जपानी भाषेत ‘कावा’ म्हणजे नदी. त्या नदीचे मूल तो कप्पा. जागोजागी त्याची नावे वेगळी आहेत. कुठे कावातारो, कुठे आणखी काही. नदीत, डोहात, पाटाच्या पाण्यात तो राहतो. पोहणाऱ्या मुलांना खाली ओढतो. पाणी प्यायला आलेल्या घोड्याला शेपटी धरून डोहात नेऊ पाहतो. त्याला काकडी फार आवडते. म्हणून काकडी घालून केलेल्या भाताच्या वळकटीला जपानमध्ये आजही ‘कप्पामाकी’ म्हणतात. त्याला कुस्तीचाही नाद. वाटेने जाणाऱ्याला तो सुमो खेळायला बोलावतो.

त्याची सगळी ताकद डोक्यावरच्या त्या वाटीभर पाण्यात असते. पाणी सांडले की तो दुबळा होतो. आणि गंमत अशी, की हा प्राणी शिष्टाचाराचा पक्का आहे. आपण त्याला वाकून नमस्कार केला, तर त्यालाही वाकावेच लागते. तो वाकला की पाणी सांडते. म्हणजे जीव वाचवायला तलवार लागत नाही, अदब लागते. घोड्याला ओढताना किंवा माणसाशी झटापट करताना कप्पाचा हात तुटल्याच्याही गोष्टी आहेत. मग तो रात्री येऊन हात परत मागतो आणि मोबदल्यात मोडलेले हाड बसवण्याचे औषध शिकवून जातो. काही गावांत तर कप्पाने ‘पुन्हा त्रास देणार नाही’ असे माफीपत्र लिहून दिल्याचे सांगतात. एकदा शब्द दिला की तो पाळतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळे म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी होते, ते अमेरिकनांनी पुस्तकात घालून बिघडवले. मलाही आधी तसेच वाटले होते. पण इतिहास इतका सरळ नाही.

जपानी लोकांनीच आपल्या भुतांची यादी कितीतरी आधी केली होती. १७१२च्या सुमारास तेराजिमा र्‍योआन नावाच्या ओसाकाच्या वैद्याने १०५ खंडांचा एक सचित्र ज्ञानकोश केला. त्यात पशुपक्ष्यांबरोबर कावातारोचीही नोंद आहे. १७७६ मध्ये तोरियामा सेकिएन या चित्रकाराने भुतांचे एक चित्रपुस्तक काढले. एकेका पानावर एकेक भूत आणि बाजूला नाव. त्यातला कप्पा कमळाच्या पानांतून डोकावताना दिसतो. पुस्तक इतके चालले, की १७८४ पर्यंत सेकिएनने आणखी तीन संच काढले. पुढच्या संचांत जुनी भुते पुरेनात, तेव्हा त्याने पदरची काही नवी घडवून घातली. हा सेकिएन म्हणजे उतामारो या जगप्रसिद्ध चित्रकाराचा गुरू. आणि १८२०च्या सुमारास कोगा तोआन नावाच्या विद्वानाने, ज्यांनी ज्यांनी कप्पा पाहिला असे म्हटले त्यांच्या हकिकती गोळा करून ग्रंथ तयार केला. एखाद्या फौजदाराने जबान्या घ्याव्यात, तशा त्याने कप्पाच्या जबान्या जमवल्या.

भुतांचे खेळही तेव्हापासूनच होते. रात्री माणसे जमत, शंभर वाती लावत. एकेकाने भुताची गोष्ट सांगायची आणि गोष्ट संपली की एक वात मालवायची. शंभरावी वात विझली की खरेच काहीतरी येते, अशी समजूत होती. लहान मुलांसाठी भुतांची चित्रे असलेले पत्ते होते, भुतांचे सोंगट्यांचे पट होते. म्हणजे माझा भाचा मेणबत्तीच्या उजेडात जे करत होता, तेच एदो शहरातली माणसे अडीचशे वर्षांपूर्वी करत होती. भूत खेळात शिरले याचा दोष अमेरिकेला देता येणार नाही.

आता त्या अमेरिकी खेळाकडे वळू. जानेवारी १९७४ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. कर्ते दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. पहिली आवृत्ती १००० प्रतींची. तीन पातळ पुस्तिका, एका खोक्यात घातलेल्या. या मंडळींना आधी लढायांचे खेळ खेळण्याचा नाद होता. टेबलावर शिशाचे सैनिक मांडायचे आणि फाशांनी लढाई करायची. त्यातूनच एकेका सैनिकाचे पात्र झाले आणि पात्राभोवती गोष्ट झाली.

गोष्टीला नायक मिळाला की त्याला झुंजायला कुणीतरी हवे. दर आठवड्याला नवे हवे, कारण जुने भूत कसे मारायचे ते मुलांना पाठ झालेले असते. मग गायगॅक्स आणि त्यांचे सोबती मिळेल तिथून राक्षस गोळा करू लागले. ग्रीक पुराणे, युरोपातल्या परीकथा, सिनेमे, इतकेच काय, दुकानात पिशवीने मिळणारी प्लॅस्टिकची चिनी बनावटीची खेळणी! तसल्या एका खेळण्यावरून लोखंडाला गंज आणणारा एक प्राणी बेतला गेला आणि तो त्या खेळात आजही आहे. अरबी गोष्टींतले जिन्न आणि इफ्रीत तर पहिल्या १९७४च्या संचातच होते. १९७७ मध्ये या साऱ्यांचे एक जाडजूड पुस्तक निघाले. साडेतीनशेच्या वर प्राणी, अकारविल्हे लावलेले. प्रत्येकाच्या नावाखाली ठरलेले रकाने : किती संख्येने भेटतात, किती वेगाने चालतात, चिलखत किती, प्राण किती, बुद्धी किती, जवळ धन किती.

या पुस्तकात आपलाही एकजण आहे. राक्षस! शब्द तोच, आपला. पण चेहरा पाहाल तर वाघाचा, अंगात उंची कोट आणि तोंडात चिलीम. रामायणात राक्षस नाना रूपे घेतात हे खरे, पण हा वाघाच्या डोक्याचा साहेब कुठला? त्याचे मूळ वाल्मीकीत नाही. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत दूरचित्रवाणीवर ‘कोल्चॅक’ नावाच्या मालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यातला राक्षस समोरच्याला त्याच्या विश्वासातल्या माणसाच्या रूपात दिसतो आणि जवळ आला की खातो. तो मरतो मंत्रून घेतलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणाने. पुढल्याच वर्षी खेळाच्या नियतकालिकात राक्षस अवतरला, आणि त्याचेही मरण आशीर्वाद दिलेल्या त्याच बाणात ठेवलेले होते. रावणाचे कूळ एका तासाच्या मालिकेतून गेले आणि रकान्यात बसले. प्राण : सात फाशांएवढे.

जपानच्या ओनीचेही तेच. ओनी म्हणजे डोक्यावर शिंगे, कमरेला वाघाचे कातडे, हातात लोखंडी सोटा. फेब्रुवारीत जपानी घराघरांत भाजलेले सोयाबीन फेकून त्याला बाहेर हाकलतात. १९७७च्या पुस्तकात हाच ओनी ‘ओगर मेज’ या नावाने आहे आणि बाजूला खुलासा आहे की हा जपानी. त्याला उडता येते, अदृश्य होता येते आणि दिवसातून एकदा तो समोरच्यावर भयंकर गारठ्याचा झोत सोडतो. आता ओनीच्या गोष्टींत हा गारठा कुठून आला? खेळाला एक दमदार हत्यार हवे होते, म्हणून आला. २०१४च्या आवृत्तीत त्याला त्याचे ओनी हे नाव परत मिळाले. गारठा मात्र राहिला. एकदा छापलेली गोष्ट सहजी पुसत नाही.

कप्पा आला १९८५ मध्ये. ‘ओरिएंटल ॲडव्हेंचर्स’ या नावाचे पुस्तक त्या वर्षी निघाले. मुखपृष्ठावर गायगॅक्स यांचे नाव असले, तरी लिहिण्याचे बरेचसे काम डेव्हिड कुक यांचे. तोवर पूर्वेकडची भुते पाहुण्यासारखी एकदोन येत, इथे त्यांना सबंध देश दिला गेला. त्यात सामुराई आहेत, निंजा आहेत आणि भुतांच्या भागात कप्पा आहे. न्यायाने सांगायला हवे, की लेखकांनी त्याच्या डोक्यावरचे पाणी काढून घेतले नाही. पाण्याची वाटी आहे, वाकण्याची रीत आहे. ‘कच्चा दुवा’ म्हणून का होईना, ती गोष्ट टिकली.

पण त्याच पुस्तकात कप्पाच्या शेजारी ब्रह्मदेशातले नात आहेत, मलायातली रक्त पिणारी पेनांगलान आहे, फिलिपीन्समधला बूसो आहे, चीनची भुते आहेत. या सगळ्यांना एकाच कल्पित पूर्व देशात राहायला जागा दिली. आपल्याकडचा माणूस एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात गेला तर त्याचे गावदेव बदलतात. आणि इथे रंगूनपासून क्योतोपर्यंत एकच गाव! पुढे अमेरिकेतल्या आशियाई वंशाच्या खेळाडूंनी याविषयी मोठ्याने प्रश्न विचारले, आणि २०२० मध्ये प्रकाशकांनी आपल्या जुन्या पुस्तकांच्या विक्रीच्या ठिकाणी एक निवेदन घातले. आशय असा, की यांत काही समाजांविषयीचे पूर्वग्रह आहेत, ते तेव्हाही चूक होते आणि आजही चूक आहेत.

हे निवेदन वाचून मी थांबलो. कारण पूर्वग्रह असलेली भुतांची यादी मी त्याच्या खूप आधी ऐकलेली आहे. ती अमेरिकेतली नव्हती, आपल्या कोकणातलीच होती.

मी मराठी शाळेत शिकलो. चौथीत असताना मधल्या सुट्टीत मुले भुतांची नावे सांगत होती. मुंजा म्हणजे मुंज होऊन लग्नाआधी गेलेला ब्राह्मणाचा मुलगा. समंध अमक्याचा, झोटिंग तमक्याचा, हडळ बाळंतपणात गेलेल्या बाईची. मग एकजण माझ्याकडे बघून म्हणाला, ‘‘आणि खवीस म्हणजे तुमच्यातला.’’ त्याच्या मनात वाईट काही नव्हते. त्याने घरी ऐकले ते सांगितले. पण त्या दिवशी मला कळले, की माणूस मेल्यावरसुद्धा त्याची जात आणि त्याचा धर्म सुटत नाही. घरी येऊन मी दादीला विचारले, ‘‘दादी, आपण मेल्यावर खवीस होतो का?’’ दादी भाकरी थापत होती. म्हणाली, ‘‘खवीस म्हणजे खबीस. खबीस म्हणजे घाणेरड्या मनाचा. तो जिवंतपणीच असतो. मरायला कशाला हवे?’’

शब्द खरेच अरबी ‘खबीस’वरून आला आहे. अर्थ दुष्ट, नापाक. आम्ही तो शब्द सैतानासाठी वापरत होतो. शेजाऱ्यांनी तो घेतला आणि आमच्यावरच चिकटवला. भाषा अशी उसनवारी नेहमी करते, त्याचा राग मानण्यात अर्थ नाही. पण नोंद कोण करतो आणि कुणाविषयी करतो, याला अर्थ आहे.

आपल्या भुतांची छापील नोंदही मोठी विलक्षण आहे. नाशिकचे कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन यांची २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी हत्या केली, हे आपण शाळेत शिकलो. हे जॅक्सन संस्कृतचे जाणकार होते आणि मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुती जमवत होते. प्रश्नावल्या काढून गावोगावच्या शाळामास्तरांकडून त्यांनी उत्तरे मागवली होती. त्यांच्या मृत्यूनंतर ते कागद आर. ई. एन्थोव्हेन या अधिकाऱ्याने हाती घेतले. १९१४ मध्ये गुजरातचा आणि १९१५ मध्ये कोकणचा भाग छापला गेला, आणि १९२४ मध्ये एन्थोव्हेन यांचे ‘द फोकलोअर ऑफ बॉम्बे’ आले. कोकणच्या भागात भुतांची यादी आहे. कुठले भूत कुठल्या जातीच्या माणसाचे, तेही आहे. मास्तरांनी कळवले, साहेबाने छापले.

योगायोग असा, की अगदी त्याच सुमाराला जपानमध्येही एक सरकारी अधिकारी हेच काम करत होता. यानागिता कुनिओ त्याचे नाव. ईशान्येकडच्या तोनो या डोंगराळ भागातल्या सासाकी किझेन नावाच्या तरुणाकडून त्याने गोष्टी ऐकल्या, उतरवून घेतल्या आणि १९१० मध्ये ‘तोनो मोनोगातारी’ हे पुस्तक स्वतःच्या खर्चाने काढले. प्रती साडेतीनशे. छोट्या छोट्या ११९ हकिकती. जपानच्या लोकसाहित्याचा अभ्यास या पुस्तकापासून सुरू झाला असे मानतात.

तोनोतला एक कप्पा घोड्याला ओढायला गेला आणि स्वतःच ओढला जाऊन तबेल्यात पोचला. तिथे उपड्या पडलेल्या गव्हाणीखाली लपला. गावकऱ्यांनी पकडला. मारावा की सोडावा, यावर सगळ्यांनी विचार केला आणि शेवटी, पुन्हा गावच्या घोड्यांना हात लावणार नाही, असे वचन घेऊन त्याला सोडून दिले. किती साधी गोष्ट! हातात सापडलेल्या भुताचे काय करायचे, यावर गाव बसून बोलते.

पण त्याच पुस्तकात आणखी एक हकिकत आहे, ती वाचून मला रात्री झोप आली नाही. एका घरातल्या बाईला कप्पाचे मूल झाले. मूल विचित्र दिसत होते. त्याचे तुकडे करून लहान पिंपांत भरले आणि जमिनीत पुरले. हकिकत आवाज न चढवता सांगितलेली. त्या मुलखाने अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत भयंकर दुष्काळ पाहिले. १७८०च्या दशकात एक आणि १८३०च्या दशकात दुसरा. खायला नाही म्हणून जन्मलेली मुले ठेवता आली नाहीत, अशी घरे तिथे होती. कप्पाच्या मुलाच्या गोष्टींमागे हेच दुःख असावे, असे काही अभ्यासक मानतात. ‘आम्ही आमचे मूल मारले’ असे कुठली आई सांगेल? ‘ते मूल नदीच्या त्याचे होते’ असे सांगणे तेवढे जमते.

मंडळी, खेळाच्या पुस्तकात प्राणाचा रकाना आहे, चिलखताचा आहे, धनाचाही आहे. पण या गोष्टीला कुठला रकाना? लोक कशाला घाबरले ते लिहिलेले असते, पण का घाबरले ते लिहिलेले नसते. माझे दुखणे इतकेच आहे. भूत खेळात जाण्याला हरकत नाही, भूत परदेशी जाण्यालाही नाही. पण त्याला ज्यांनी जन्म दिला, त्यांची भीती आणि त्यांचे दुःख काठावर ठेवून तेवढे भूत उचलून नेले, की हातात मारायचा एक प्राणी उरतो.

आणि हेसुद्धा फक्त परक्यांकडूनच होते असे नाही. जपानमध्ये इनोउए एन्र्‍यो या तत्त्वज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भुतांचा अभ्यास सुरू केला तो त्यांना हाकलण्यासाठी. विज्ञानाच्या उजेडात भुते राहू नयेत अशी त्याची तळमळ होती. आज तोनोमध्ये कप्पाच्या डोहाकाठी पर्यटकांना कप्पा पकडण्याचा परवाना विकत मिळतो. आकुतागावा र्‍यूनोसुके या थोर कथाकाराने १९२७ मध्ये ‘कप्पा’ नावाची कादंबरिका लिहिली आणि कप्पांच्या देशाच्या मिषाने आपल्या समाजाचे वाभाडे काढले. त्याच वर्षी जुलैत त्याने आत्महत्या केली. त्याचा स्मृतिदिन ‘कप्पाकी’ या नावाने ओळखला जातो. एकाने हाकलले, एकाने विकले, एकाने आरशासारखे समोर धरले. तिन्ही जपानीच.

मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो मिझुकी शिगेरु, चित्रकथाकार. १९२२ मध्ये जन्मला आणि २०१५ मध्ये गेला. दुसऱ्या महायुद्धात राबाउलला बॉम्बहल्ल्यात त्याचा डावा हात गेला. उरलेल्या उजव्या हाताने त्याने आयुष्यभर भुते काढली. त्याच्या ‘कितारो’ने जपानची दोन-तीन पिढ्यांची मुले वाढवली. ही भुते त्याला पुस्तकात नव्हती मिळाली. साकाइमिनातो या गावी लहानपणी एक गरीब म्हातारी त्याला गोष्टी सांगत असे. त्याने तिच्यावर पुस्तक लिहिले. आज त्या गावच्या रस्त्यावर भुतांचे शे-दीडशेच्या वर पुतळे आहेत. पण मिझुकीने भुताबरोबर म्हातारीचेही नाव सांगितले, हे मला महत्त्वाचे वाटते.

म्हणून त्या रात्री खेळ थांबला, तेव्हा मी मुलांना माझ्या म्हातारीचे सांगितले.

आमचे गाव सावित्रीच्या काठी. दादी सांगायची, डोहात गिऱ्हा असतो. तो रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारतो. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दिलीत तर पाय आपोआप पाण्याकडे वळतात. पण कुणी हिंमत करून त्याचा एक केस उपटून घेतला आणि मांडीत लपवला, तर गिऱ्हा त्याचा गुलाम होतो. रोज मासे आणून देतो आणि रोज विनवतो, ‘‘माझा केस दे.’’ तुटका हात मागायला येणारा कप्पा आणि केस मागणारा गिऱ्हा. दोघांची कधी भेट झाली नसेल, पण दोघांची नदी एकच असावी.

भाच्याने लगेच विचारले, ‘‘मामू, याचे प्राण किती धरायचे?’’

मी म्हटले, ‘‘आधी पुढचे ऐक. दादीचा धाकटा भाऊ नऊ वर्षांचा असताना श्रावणात डोहात गेला. प्रेत तिसऱ्या दिवशी खाली बंदरात मिळाले. दादी तेव्हा बारा वर्षांची. भावाला सांभाळायचे काम तिच्याकडे होते. ती ज्या हाकेला ओ देऊ नको म्हणायची, ती हाक कुणाच्या आवाजात यायची, ते तिने आम्हांला कधी सांगितले नाही. मी मोठा झाल्यावर आईकडून कळले.’’

मुले काही वेळ बोलली नाहीत. मग सूत्रधार झालेल्या मुलाने वही ओढली आणि पेन्सिलीने काहीतरी लिहू लागला. सकाळी त्यांनी मला ते दाखवले. गिऱ्हाचे पान तयार झाले होते. वेग होता, ताकद होती, प्राणाच्या रकान्यात आकडाही होता. खेळ म्हटला की आकडा लागणारच. पण सर्वांत वर, पहिल्या ओळीत त्यांनी लिहिले होते : ‘हा ज्या आवाजात हाक मारतो, ते माणूस कोण होते, हे खेळाडूने आधी सांगायचे. सांगितल्याशिवाय फासा टाकता येणार नाही.’

दादीला वाचता येत नव्हते. येत असते तर मी ते पान तिला नेऊन दाखवले असते.